काटेकाकांना कादंबरी समजली

२ फेब्रुवारी
कादंबरी छापून आली! लॉन्ड्रीत चहाच्या सुट्टीत सगळ्यांना वाटली. आम्ही हॉस्पिटलांच्या चादरी धुतो. मी शिफ्ट सुपरवायझर. पण ते पोटापुरतं. माझा नायक संसाराच्या धगीत नुसता साक्षी होऊन राहतो, कशातच हात घालत नाही आणि मुक्त होतो. वाचकवर्ग हादरणार. निश्चय: कोणाच्याही मतानं हुरळायचं नाही, खचायचं नाही.

५ फेब्रुवारी, रात्री
मतं येऊ लागली. मेहुणा म्हणाला, कागद चांगला वापरलाय. लॉन्ड्रीच्या शेठना वाटतं, कादंबरीतला लोभी मामा म्हणजे तेच. माझ्याशी बोलणं बंद. इस्त्रीवाल्या बाईंनी विचारलं, तो नुसता बघत बसला तेव्हा त्याची बायको घर कशी चालवत होती हो? प्रश्नाची पातळी बघा. ही म्हणाली, दोन पानं वाचली की झोप मस्त लागते. हे मी कौतुक समजतो. मनःशांती हाच तर हेतू होता.
खचलेलो नाही. फक्त जेवलो नाही.

९ फेब्रुवारी
खरा वाचक सापडला. आमचे बॉयलर ऑपरेटर! आडनाव वेगळंच आहे, पण प्रेशरच्या काट्यावरून नजर हलत नाही म्हणून सगळे काटेकाका म्हणतात. भित्रा माणूस. दर तासाला खिडकीतून इस्त्रीच्या हॉलकडे तोंड करून ओरडणार, काटा ठीऽऽक! मग पलीकडच्या बायका निर्धास्त. आज डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, साहेब, जन्मभर पोटात गोळा घेऊन जगलो, तुमच्या पुस्तकानं तो गेला. लगेच सही करून दुसरी प्रत दिली. पहिली वाचून वाचून तेलकट झाली होती.

१४ फेब्रुवारी
काकांचं ओरडणं बंद. विचारलं तर हसून म्हणाले, काटा चढतो, काटा उतरतो, आपण नुसतं बघायचं. माझंच वाक्य! ऊर भरून आला.
तेवढ्यात इस्त्रीवाल्या बाई तक्रार घेऊन हजर. काकांचा आवाज येत नाही, जीव टांगणीला लागतो, आम्ही सारखं बॉयलरकडच्या भिंतीला हात लावून बघतो. मी समजावलं, भीती हेच खरं बंधन. त्या म्हणाल्या, असेल बाबा, पण भिंत आमच्या बाजूला आहे.

१८ फेब्रुवारी
बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणारी काच असते, तिच्याजवळ वाफ गळते आहे. बारीक सूं-सूं आवाज. पूर्वी काकांनी लॉन्ड्री डोक्यावर घेतली असती. आज स्टुलावर मांडी घालून ऐकत बसले होते. मीही थोडा वेळ ऐकलं. फिटर बोलवायला हवा. उद्या नक्की. आज एका समीक्षकाला प्रत पाठवायची आहे.

२० फेब्रुवारी
फिटर राहिला. त्याच्यासाठी बॉयलर थंड करावा लागणार, म्हणजे शेठची परवानगी, आणि शेठ बोलत नाहीत. शिवाय काका नाजूक वळणावर आहेत. फिटर ठोकाठोक करत शिरला तर साधना भंगेल. ही म्हणाली, तुम्हाला साधना जायची भीती आहे की एकुलता एक वाचक जायची? हिला कादंबरी कळलीच नाही.
समीक्षकाला पाठवलेली प्रत कुरिअरनं परत आली. शेरा: पत्ता अपुरा. मी पूर्ण लिहिला होता.

२३ फेब्रुवारी, दुपारी
वाफेचा आवाज आता इस्त्रीच्या हॉलमध्ये येतो. बायकांनी टेबलं आपणच भिंतीपासून ओढली आणि दाराशी दाटीवाटीनं उभ्या राहून इस्त्री करताहेत. गप्पा नाहीत, गाणी नाहीत. खिडकीतून डोकावलो. काकांचा चेहरा इतका प्रसन्न, की मला का कोण जाणे घाम फुटला. ॲसिडिटी असावी. निश्चय: उद्या आल्या आल्या फिटर. शेठना काय बोलायचं ते बोलू दे.

२४ फेब्रुवारी
फिटरला फोन लावला, रिंग वाजत होती, आणि काच फुटली. वाफ खिडकीतून हॉलमध्येही घुसली, काही दिसेना. बायका दाराशी होत्या म्हणून वाचल्या. काका काचेच्या पुढ्यात होते आणि जागचे हलले नव्हते. इस्त्रीवाल्या बाई ओली चादर पांघरून बॉयलरच्या खोलीत शिरल्या आणि त्यांना ओढत बाहेर आणलं.
मी दारात होतो. बघत.

२७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. त्यांच्या बायकोनं कादंबरी माझ्यापुढे धरली. म्हणाली, यांना पान उलटता येत नाही, मला वाचता येत नाही, आणि सारखे हेच मागतात. तुम्ही लिहिलंय, तुम्हीच वाचा. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.
वाचायला बसलो. वेदना ही पाहुणी आहे, तिला लांबूनच बघावं, असं एक पान त्यात आहे. घरी पंख्याखाली पडल्या पडल्या सुचलं होतं. समोर काका ओठ दाबून कण्हत होते. लाज वाटली. ते पान मी गुपचूप उलटलं आणि पुढचं वाचू लागलो.
काकांनी डोळे उघडले. म्हणाले, साहेब, मधलं एक पान राहिलं. मग धापा टाकत, मध्ये मध्ये कण्हत, त्यांनी ते मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तोंडपाठ म्हणून दाखवलं.
मला ऐकवेना.