वाकलेल्या पिना

प्रिय दादा,

आणि हो, मीच नाकारला तुझा क्लेम. दुसऱ्या कुणी नाही. वहिनीपाशी माझ्या नावानं काय काय बोललास ते तिनं फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. भाऊ कॉम्प्युटरच्या चिपच्या कंपनीत वॉरंटीच्या टेबलावर बसलाय, शिक्का त्याच्या हातात, आणि घरच्याच पार्सलवर त्यानं 'ग्राहकाची चूक' मारलं, असला भाऊ असून काय उपयोग. बरं. वर म्हणालास, तरी मी सांगत होतो, याच्या कंपनीचा माल नको, समोरच्या कंपनीचा घ्या, कोर जास्त आणि भाव कमी. म्हणजे भांडण क्लेमचं, पण फिरून फिरून गाडी कोरवरच येते. आपल्या दोघांचं दुसरं काही बोलणंच उरलेलं नाही.

ज्यांच्या कॉम्प्युटरसाठी ती चिप होती त्या कार्टून काढणाऱ्या बाई रोज तुझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसतात, हेही वहिनीनं सांगितलं. सगळे पैसे आधी दिलेत त्यांनी, त्यांचं काम अडलंय, आणि जाता-येता गल्लीला ऐकू जाईल असं विचारतात, माझं मशीन कधी देताय. अशा आणखी चार बायका बसल्या की दुकानाचं नाव गेलं, एवढं मलाही कळतं. मी शाळा सोडली, अक्कल सोडलेली नाही.

कोरचं म्हणशील तर ऐक. मी तुझ्या हाताखाली होतो तेव्हा आठ कोर म्हणजे चैन होती. तू गिऱ्हाइकाला समजावायचास, 'साहेब, कोर म्हणजे आत बसलेली माणसं. आठ माणसं कामाला लावली तर काम उरकतं का नाही?' आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. मग आमच्यांनी बारा काढले, समोरच्यांनी सोळा, मग आमच्यांनीही सोळा. दोन महिन्यांपूर्वी समोरच्यांनी चोवीस जाहीर केले. इथे सगळे एका फोनभोवती गोळा झाले होते. पॅकिंगवाला म्हणाला, 'आता आपले साहेब बत्तीस म्हणणार, आणि त्यातले सोळा सुट्टीवर असणार.' सगळे हसले. मीही हसलो, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. मला हल्ली असंच होतं. विनोद कळतो, हसायचं कुठून ते आठवत नाही.

त्यानंतर आमच्या सोळावालीचा भाव उतरवला आणि आमच्या हॉलमधली अर्धी टेबलं रिकामी झाली. माझ्या शेजारी बसणारा एका संध्याकाळी डबा घेऊन गेला तो गेलाच. त्याची खुर्ची अजून आहे. मी तिच्यावर जॅकेट टाकतो. वाईट वाटायला हवं होतं बहुतेक. आमचा सुपरवायझर, ज्याला आम्ही थर्मामीटर म्हणतो, कारण सगळ्यांचा ताप मोजत फिरतो, तो म्हणाला, 'फुकटात बदलून देणं कमी करा. चूक कुणाची ते भिंगाखाली नीट बघा.' मी दिवसभर तेच बघतो. परत आलेली चिप उलटी करायची, भिंग ओढायचं, पिना बघायच्या, शिक्का मारायचा. कोण भांडतंय, कुणाचं काम अडलंय, ते डब्यातून येत नाही. चिप तेवढी येते.

तुझं पार्सल थर्मामीटरनंच आणून दिलं. तू वर माझं नाव घातलं होतंस, तेही घरचं, 'भिंगरी' म्हणून. तो म्हणाला, 'हे भिंगरी कोण?' मी म्हणालो, मी. तो म्हणाला, 'तरीच खुर्चीत टिकत नाहीस.' मग म्हणाला, 'घरचं आहे म्हणून ढिलं सोडू नकोस.' आणि चहाला गेला. खरं सांगतो, ढिलं सोडता आलं असतं. 'कंपनीचा दोष' असं लिहायला तेवढाच वेळ लागतो, आणि त्यानं दुसऱ्यांदा भिंग लावलं नसतं.

तू कागदावर लिहिलं होतंस, 'पिना डब्यातूनच वाकलेल्या आल्या.' दादा, डब्यात वाकलेल्या पिना सगळ्या एका कोपऱ्यात दबलेल्या असतात. चिप बोर्डावर बसवताना हातातून कलली की ओळीच्या ओळी एका अंगाला झोपतात. तुझ्या झोपल्या होत्या. हे मी इथे नाही शिकलो, तुझ्याच काउंटरवर शिकलो. 'चिप बसवायची नसते रे गाढवा, ठेवायची असते, ती आपली आपण बसते.' डोक्यात टपली मारून सांगायचास.

पण मी अडकलो ते पुढच्या गोष्टीपाशी. कुणीतरी त्या पिना सरळ करायला बघितल्या होत्या. आतलं शिसं काढलेल्या क्लच पेन्सिलचं टोक एकेका पिनेवर घालून हळूच उभी करायची, ही युक्ती आपल्याकडे तुझ्याशिवाय कुणाला येते? तू सरळ केलेली पिन तर मला भिंगातूनही ओळखता यायची नाही. आठवतं, एकदा सगळ्या पिना आडव्या झालेली चिप तू उभी केलीस आणि ज्यानं वाकवून आणली होती तोच म्हणाला, ही नवी दिलीत का? तू अख्खा आठवडा ती गोष्ट येईल त्याला सांगत होतास. वहिनी वैतागून म्हणाली होती, आता त्या चिपचा फोटो देवासारखा भिंतीवर लावा.

या चिपवर एक पिन इकडे, एक तिकडे. काही दोनदा वाकवलेल्या. मधल्या तीन तर तुटूनच गेल्यात. पेन्सिलचं टोक पिनेवर घालताना आजूबाजूला घासल्याचे ओरखडे आहेत, बारीक, नागमोडी. मी भिंग मागेपुढे केलं. मला वाटलं माझंच टेबल हलतंय.

मग वहिनीचं आठवलं. गेल्या महिन्यात ती हसत हसत म्हणाली होती, 'तुझ्या दादाचे लाड वाढलेत, शर्टाची बटणंसुद्धा मीच लावायची.' मीही हसलो होतो. आणि फोन करतोस तेव्हा हल्ली स्पीकरवर टाकून खाली ठेवतोस, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मी विचारलं तर म्हणालास, कानाला गरम लागतो. मी मान्य केलं. तू सांगितलेलं मी मान्यच करत आलोय, कोर सोडून.

थर्मामीटर चहाहून यायच्या आत मी शिक्का मारला. हाताला काही वाटलं नाही. रोजचाच आवाज झाला.

आता का मारला ते ऐक, आणि वहिनीला हे पत्र वाचायला दे, कारण तू ते खिशात घालशील. 'कंपनीचा दोष' लिहिलं असतं तर आठवड्यात तुला नवी चिप आली असती. तू शटर अर्धं ओढून, कुणी बघत नाही असं बघून, ती त्याच हातानं बसवायला गेला असतास. बसली असती तर तू कुणाला काही बोलला नसतास. नसती बसली तर तिचाही दोष कंपनीवर घातला असतास, आणि मी परत शिक्का मारला असता. तुझा हात थरथरतो, दादा. मला ते तीन तुटलेल्या पिनांवरून कळलं, आणि तुझ्या घरात कुणालाच माहीत नाही. मी लगेच येऊ शकत नाही, उठलो तर माझी खुर्चीही रिकामी धरतील. तू उद्या डॉक्टरकडे जा. वहिनीला बरोबर ने, आणि तिच्यासमोर हात पुढे कर. बाईंना चिप नवी घे, समोरच्या कंपनीची घे, चोवीसवाली, माझी हरकत नाही. ती वहिनीला बसवू दे. तू बाजूला उभा राहून तिला शिव्या दे, मला द्यायचास तशा. चिपचे आणि डॉक्टरचे मिळून पैसे पाठवतोय, एक्याऐंशी हजार.

तुझाच,
भिंगरी