फ्रीजरमधली मरळ

अंकिताचे बाबा,

वरण-भात झाकून ठेवला आहे, गरम करून घेजा. मरळीचा रस्सा मात्र खाऊ नका.

आंजी गावाले माहेरी जातानी मी मरळीचे तुकडे फ्रीजरमध्ये सुटे सुटे मांडले होते. आज काढले तं सारे एकमेकाले चिकटून लाल पाण्याच्या बर्फात बसलेले. शिजवले तं नुसता चोथा झाला, वरून खवट वास. एकदा विरघळून पुन्हा गोठलेल्या मासोळीचं असं होते. लाइट गेली असन म्हणावं, तं समोरच्या इलावहिनी म्हणे, एकदाबी नाई गेली.

तवा माह्या डोक्यात आलं. मुक्कामाले निघाले की मेन स्विच बंद केल्याशिवाय तुम्ही कुलूप लावत नाई. आणि फोनवर तं रोज सांगत होते, घरीच आहो, टीव्ही पाहून राह्यलो.

तोंडावर विचारायची हिंमत नाई, म्हणून लिहून राह्यली. अंकिताले घेऊन आंजीले परत चालली.

मेन चालूच ठेवला आहे. या वेळेस बंद कराल, तं कुठं चालले ते लिहून जाजा.

कोकिळा