गंजिफात राणी नसते

रविवार, १२ नोव्हेंबर २००६, भाईंदर

आज बाबांनी गंजिफाची पेटी दादाला देऊन टाकली. आजोबांनी सावंतवाडीहून आणलेली, दशावतारांची एकशेवीस गोल पानं. दादाला त्यातला मत्स्य कुठला, कूर्म कुठला हेही कळत नाही. शांती नगरच्या नव्या फ्लॅटमध्ये तो ती काचेत लावणार आहे म्हणे. बाबांसमोर खेळायला लग्न होईपर्यंत रोज मीच बसायचे. दिवसा रामाची उतारी, दिवे लागले की कृष्णाची.

शेवटी विचारलंच, "बाबा, मला का नाही?"

"तू आता दुसऱ्या घरची. वस्तू घरातच राहू दे," बाबा म्हणाले. वर हसून, "आणि गंजिफात राजा असतो, प्रधान असतो. राणी नसतेच."

वहिनी हसली. मीही हसले. का हसले मी? राणी नसतेच म्हणे! मग आईच्या आजारपणात दोन वर्षं येऊन-जाऊन घर सांभाळलं कोणी, प्रधानाने?

आत्ताच दादाचा फोन येऊन गेला. "सुमे, खेळायचे नियम लिहून दे ना. पाहुण्यांनी विचारलं तर सांगता यायला हवं."

"विसरले रे सगळे," म्हटलं आणि फोन ठेवला.

दादाशी पहिल्यांदाच खोटं बोलले. अजिबात वाईट वाटत नाहीये.