अर्ज कधी टाकायचा

शेठ,

तुम्ही गेल्यानंतर मी हाताने काय काय बनवलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारला असता. शिलाई मशीनला लावायचे, कापड दुमडून देणारे पत्र्याचे फोल्डर: जीन्सच्या कमरेच्या बेल्टचे, सगळ्या मापांचे, आणि आता तर स्ट्रेच कापडाचेसुद्धा, ज्याला आपल्या वेळी कॅम्प तीनच्या बाजारात कोणी हात लावत नव्हतं. लूपचे फोल्डर, ज्यात पट्टी सपाट शिरते आणि दोन्ही कडा आत दुमडून सुईखाली येते. मच्छरदाणीवाल्यासाठी गोट बसवायचा एक. दप्तराच्या पट्ट्यांचा एक. अंबरनाथ एमआयडीसीत गाड्यांची सीट-कव्हरं शिवतात, त्यांच्यासाठी रेक्झिनचा एक, जो मी तीनदा मोडला आणि चौथ्यांदा जमवला. पत्रा वाकवायचा छोटा प्रेस, भंगारातल्या जॅकचा. माझ्या हेंद्रेपाड्यातल्या घराचं कपाट, पलंग आणि खिडकीची जाळी. आणि एका जुन्या पायमशीनची बॉबिनवरची सरकती पट्टी, जी आता बाजारात मिळत नाही. ती पट्टी माझ्या सासूबाईंच्या मशीनची. हो शेठ, लग्न केलं मी. सत्तेचाळिसाव्या वर्षी. ‘पुट, पत्र्याशी लग्न लावलंय का रे तू?’ असं तुम्ही तुमच्या सिंधीत मला बेटा म्हणत दर दिवाळीला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारायचात, त्याचं उत्तर इतक्या उशिरा आलं.

ती नर्स आहे, मूळची अंबरनाथची. पहिल्या नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली, तो तिथेच वारला, एक मुलगी आहे. आई गेल्यावर घर आवरायला आली होती, तेव्हा रिक्षात मशीन घालून माझ्या गाळ्यावर उतरली. मी म्हणालो, घरगुती मशीन मी घेत नाही. ती म्हणाली, ‘मग तशी पाटी लावा. मी दोन मजले हे लोखंड उतरवून आणलंय.’ पाटी नव्हती, म्हणून मशीन घ्यावं लागलं. पट्टी बनवायला मला दोन दिवस पुरले असते, मी आठवडा लावला. ती रोज बघायला यायची आणि रोज म्हणायची, ‘झालं की हे.’ मी म्हणायचो, अजून सरकताना अडकतंय. ते कुठेही अडकत नव्हतं.

लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा तिने पहिल्यांदाच स्वच्छ सांगितलं. ‘मी परत येणारी नाही. मुलगी तिकडे, नोकरी तिकडे. तुम्हाला यायचं असेल तर नवरा म्हणून तुमचा अर्ज करता येतो. यायचंच नसेल तर आत्ता सांगा, मी रागावणार नाही.’ मी म्हणालो, ‘बघू.’ आपल्या बाजारात ‘बघू’ म्हटलं की समोरचा माल गोळा करून निघतो. तिला वाटलं मी खरंच बघणार आहे. मलाही तसंच वाटलं होतं. रजिस्टर लग्न झालं, हेंद्रेपाड्यात तीन आठवडे संसार झाला आणि ती ड्यूटीवर परत गेली. तेव्हापासून ती वर्षातून एकदा येते, आणि बाकीचे दिवस मी अर्जाचं बघतो.

बाजारात कन्सल्टंट खूप बसलेत, काचेची केबिन आणि भिंतीवर झेंडे. मी एकाकडेही गेलो नाही. सगळे नियम मी स्वतः वाचले, इंग्रजीत, शब्द अडला तर डिक्शनरी बघून, जशी तुमच्या मशीनच्या दुकानात कामाला असताना जपानी मशीनची माहितीपत्रकं वाचायचो. आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की यात खरं काम आहे ते वेळ साधण्याचं. पोलिसांचा दाखला लवकर काढला तर अर्ज जाईपर्यंत तो शिळा होतो. मेडिकल लवकर झालं तर तिथे पाऊल ठेवायची शेवटची तारीख तितकीच अलीकडे येते. निकाल कधी लागेल याचा भरवसा नाही, महिने जातात, वर्षही जातं. पावसाळ्यात अर्ज टाकला तर निकाल नेमका सीझनवर येईल, आणि सीझनमध्ये मी गाळा बंद केला तर लोकांची मशीनं उभी राहतात. दिवाळीनंतर टाकला तर तिथे उतरणं ऐन थंडीत. मी हे सगळं कॅलेंडरवर पेन्सिलने मांडतो आणि खोडतो. एकदा पोलिसांचा दाखला काढूनही झाला. चौकशीला आलेला हवालदार घरचं कपाट बघत म्हणाला, ‘एवढं चांगलं घर सोडून बर्फात कशाला मरता, काका?’ मी त्याला चहा दिला. तो दाखला ड्रॉवरमध्ये पडून शिळा झाला, कारण तोवर माझा हिशोब बदलला होता.

अर्जात आणखी एक गोष्ट लागते. लग्न खरं आहे हे दाखवायचं. फोटो, फोनवरची बोलणी, कसे भेटलात, घरच्यांना कधी सांगितलंत. मला याचा फार राग आला. मी तिला म्हणालो, माझ्या फोल्डरला आजवर कोणी गॅरंटी कार्ड मागितलेलं नाही. ती शांतपणे म्हणाली, ‘त्यांना नसेल माहीत तुम्ही कोण ते.’ आणि मग, ‘मास्टर, कधी कधी मलाही एखादा पुरावा चालेल.’ ती मला बाजारातल्यासारखं मास्टर म्हणते. मी विषय बदलला, मुलीच्या परीक्षेचं विचारलं.

तुमची आठवण त्या दिवसापासून फार येते. एक सकाळ आहे, जी मी विसरू शकत नाही. कॅम्प पाचच्या एका युनिटची लाइन बंद पडलीय, बेल्टचा फोल्डर मोडलाय, आणि त्यांचा माणूस दुकानाच्या पायरीवर उभा आहे. मी आत कानस घेऊन बसलोय. नवीन फोल्डर तयार आहे, पण त्याची एक कड केसभर जाड आहे, ती मला दिसते आहे, आणि मी ती घासतो आहे, प्रकाशात धरतो आहे, परत घासतो आहे. तुम्ही दोनदा आत डोकावलात. तिसऱ्यांदा आलात आणि म्हणालात, ‘पुट, आरसा बनवतोस की फोल्डर?’ मी म्हणालो, अजून कड आहे. तुम्ही माझ्या हातातून तो काढून घेतलात. ‘कड हातात नाही दिसत, पुट, मशीनवर दिसते. चल.’ रिक्षात बसून आपण तिथे गेलो. तुम्ही स्वतः स्क्रू आवळलात, पट्टी घातलीत, कारागिराला म्हणालात, चलाव. पहिल्या वितीतच शिलाई तिरकी गेली. मला आतून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग तुम्ही खिशातून पक्कड काढलीत, चालत्या मशीनवर, कापड जातंय तसंच, तोंड जरासं दाबलंत, आणखी जरासं, आणि शिलाई सरळ झाली. सगळ्या कारागिरांसमोर तुम्ही मला म्हणालात, ‘तुझ्या हाताला देवाने अक्कल दिलीय, पण हातातलं काम तुला सोडवत नाही.’ मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही. तुमच्या घरून रविवारचं दाल-पकवान आलं, ते मी झाकून तसंच परत पाठवलं. आजही सांगतो, त्या फोल्डरची कड एका बाजूला जाडच होती. पण ते मशीन भंगारात जाईपर्यंत तो त्यावर चालला.

तुम्ही म्हणाल, मग अडलंय कुठे. अडलंय तुमच्याच दुसऱ्या नियमावर. ‘कपडा आण, मग बोल.’ फोनवर माप सांगून फोल्डर मागणाऱ्याला तुम्ही दारात उभं केलं नाहीत, कितीही मोठी पार्टी असो. कापडाचा तुकडा हातात आल्याशिवाय पत्रा कापायचा नाही. मी आजही कापत नाही. तेच मी बायकोला सांगितलं. मी तो देश बघितलेला नाही, तिथली हवा, रस्ता, माणसं, माझ्या हाताला तिथे काय काम, काहीच नाही. न बघता हो कसं म्हणू? फोनवर तिची मुलगीसुद्धा होती, तिला हसू आलं. बायको हसली नाही. म्हणाली, ‘तुम्हाला यायचंय ते माझ्याकडे. मला बघितलंय ना?’ मग तिने फोन फिरवून खिडकीबाहेरचा रस्ता दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं, दुकानात टांगलेल्या जीन्स दाखवल्या. एका जीन्सचे लूप सगळे एका बाजूला कलले होते. मी म्हणालो, यांचा फोल्डर झिजलाय. ती म्हणाली, ‘बघा, काम आहे की इथे.’ तिच्या घराजवळ एक सोफे शिवणारा आहे, त्याला हाताखाली माणूस हवाय म्हणे. हाताखाली. पन्नाशीला आलेला माणूस मी, शेठ. माझ्या हाताखाली शिकलेले तीन जण आज आपापले गाळे चालवतात. तिथे मी कोणाला तरी ‘येस सर’ म्हणत स्पंज कापायचा का? हे मी तिला बोललो नाही. ती स्वतः तिथे पहिली दोन वर्षं म्हाताऱ्यांची अंगं पुसत होती, नर्सिंगची डिग्री असून. ती कधी त्याबद्दल बोलत नाही. तिच्या मुलीने मला सांगितलं.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, सिंध आठवतं का. मला वाटलं तुम्ही काही मोठं बोलाल. तुम्ही बिलं लावत होतात. ‘आठ वर्षांचा होतो. बोटीत घातलं, उलट्या करत आलो. उलट्या आठवतात.’ मी म्हणालो, पण वाईट वाटलं असेल ना सोडताना. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. ‘मला कोण विचारणार होतं? विचारलं असतं तर मी अजून तिथेच उभा असतो, विचार करत.’ आणि परत बिलं लावायला लागलात. तुमच्या वडिलांना इथल्या निर्वासितांच्या बरॅकीतली अर्धी खोली मिळाली, पडदा लावून. त्या पडद्याच्या अलीकडे तुम्ही वाढलात. मला मात्र पुन्हा पुन्हा विचारतात, प्रेमाने विचारतात, आणि मी उभा आहे.

मागच्या रविवारी तिने नवीन गोष्ट काढली. मुलगी आता दुसऱ्या शहरात कॉलेजला जाणार. जूनअखेर घराचा करार संपतो. आहे ते घर एकटीला मोठं होईल. ‘मी अर्जाचं विचारत नाही,’ ती म्हणाली. ‘विचारून कंटाळले. अर्ज तुम्ही दिवाळीला टाका, होळीला टाका. मला फक्त एवढं सांगा, घर केवढं घेऊ? एका माणसाचं की दोघांचं? ते ठरवलं की मला ते बदलता येणार नाही, परवडणार नाही.’ मी म्हणालो, एकटीचं घेतलंस आणि नंतर मी आलो तर? ‘नंतर यायची गरज पडणार नाही, मास्टर. मी काही भांडणार नाही. मी येत राहीन वर्षातून एकदा, जमेल तोवर. मग एखाद्या वर्षी नाही जमणार.’ मागे नळ चालू होता, तिने तो बंद केला. ‘जेवलात का?’ म्हणाली. मी जेवलो होतो.

दुसऱ्या दिवशी तुमच्या दुकानावरून गेलो. तुमचा धाकटा आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतो. दरवेळी तेच. ‘अरे मास्टर, आप अभी तक इधर ही? मैंने सोचा बर्फ में बैठके भाभी के हाथ की कॉफी पी रहे होंगे.’ मी म्हणालो, कागद चालू आहेत. ‘तीन साल से चालू हैं. पप्पा होते तो आपका कान पकड़के एअरपोर्ट छोड़ते.’ मी हसलो. पण तुम्ही सोडलं नसतंत. तुम्ही रिक्षात बसवलं असतंत आणि वाटेत एक शब्द बोलला नसतात. सगळ्यांना मी अभिमानाने सांगतो की मी स्वतः शिकलो, मला कोणी शिकवलं नाही, आणि ते खरंही आहे. पत्रा कसा वाकवायचा हे तुम्हाला येत नव्हतं. पण हातातलं काम हातातून सोडायचं कसं, ते स्वतःचं स्वतः शिकता येत नाही असं दिसतंय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटची गोष्ट लिहितो. तुम्ही कोणाला सांगणार नाही. बदलापूरला बॅगांचा एक नवा कारखाना निघालाय. त्यांचे मॅनेजर परवा गाळ्यावर आले, तासभर माझं काम बघत उभे राहिले, आणि मग बोलले. फोल्डर आणि मशीनचं अख्खं खातं माझ्याकडे. हाताखाली चार माणसं. नवीन हत्यारं, मी सांगेन ती. करार तीन वर्षांचा, मध्ये सोडायचा नाही, ही एकच अट. असं बोलावणं मला जन्मात कोणी केलेलं नाही, तुम्हीसुद्धा नाही. ते म्हणाले, विचार करा, घाई नाही. मी हातातलं माप खाली न ठेवताच नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही. त्यांना वाटलं पैसे कमी पडले, त्यांनी आकडा वाढवला, मी तरी नाही म्हणालो. बायकोला हे सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की ती त्याच दिवशी दोघांचं घर घेईल, आणि अर्जावर माझी सही अजून झालेली नाही. महिन्याला सत्तर हजार देत होते, शेठ, तीन वर्षं.