एम्रिसची हजेरी

३ नोव्हेंबर
आज विद्यापीठाच्या विद्यार्थी-कल्याण कक्षात रुजू झाले. यॉर्कशायरच्या थंडीत इतकी उबदार खोली, वर किटली माझी एकटीची! काम सोपं. पोरं वर्गाच्या, ग्रंथालयाच्या दारावर कार्ड टेकवतात, ते माझ्या पडद्यावर उमटतं. नियमित तो हिरवा, दांड्या मारणारा पिवळा, गायब झालेला लाल. लालला यंत्रच पत्र धाडतं: "तुझी आठवण आली. सगळं ठीक आहे ना?" मग मी फोन करायचा, उचलला नाही तर वसतिगृहाच्या रखवालदाराला खोलीवर पाठवायचं. एकदा कार्ड टेकलं की प्रकरण आपोआप बंद. साहेबीणबाई डीर्ड्रा म्हणाल्या, अगं, निम्मे नुसते लोळत पडलेले असतात, फार मनावर घेऊ नकोस.

१२ नोव्हेंबर
काय एकेक नमुने! एकीचा ससा मेला, म्हणून निबंधाला मुदतवाढ. दुसऱ्याला सकाळी नऊच्या तासाने उदास वाटतं. या लाडोबांची नाकं पुसायला मला पगार मिळतो. शुक्रवारी पडद्यावर लाल उरता कामा नये, एवढाच डीर्ड्राबाईंचा नियम.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
एकच लाल उरला. एम्रिस प्यू, पहिलं वर्ष, वेल्सच्या कुठल्याशा खेड्यातला. फोन उचलेना. रखवालदाराला पाठवायचं तर चार पानी अर्ज, आणि घड्याळात साडेचार. त्याचा मित्र जॉस जिन्यात भेटला. एम्रिसचं कार्ड याच्याच खिशात! एकाने चौघांची कार्डं टेकवायची, ही यांची मैत्री. जॉस आठवडाभर घरी गेला होता, म्हणून एम्रिस लाल. मी म्हटलं, टेकव. जॉस चाचरत म्हणाला, मी गेलो तेव्हा त्याला ताप होता हो, कुणीतरी एकदा बघून या ना. मी म्हटलं, ताप सगळ्यांनाच येतो. बीप. हिरवा. पाचच्या बसने घरी.

२८ नोव्हेंबर
एम्रिस खोलीत मेलेला सापडला. ताप मेंदूत गेला होता. त्या शुक्रवारी संध्याकाळी जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या आईने विचारलं, कुणीच गेलं नाही का बघायला? मी तिला हिरवा ठिपका दाखवला. मला स्वतःची किळस येते.

२ डिसेंबर
कार्ड पोलिसांकडे आहे. तरी आज पडद्यावर नऊच्या तासाला एम्रिस हजर. डीर्ड्राबाई म्हणाल्या, यंत्राची गडबड.

९ डिसेंबर
ग्रंथालय. जेवणघर. आमच्या इमारतीचं खालचं दार.

११ डिसेंबर
दुसरा मजला. तिसरा. मी चौथ्यावर बसते.

१२ डिसेंबर, दुपारी तीन
नाताळची सुट्टी लागली. मजला रिकामा. निघाले तर माझ्या कार्डाने कक्षाचं दार उघडेना. डीर्ड्राबाईंना फोन केला. त्या हसल्या, म्हणाल्या, काहीतरीच काय, तू मघाशीच बाहेर पडलीस, इथे दिसतंय की!

पडद्यावर माझं नाव आहे. हिरवं. खालचं दार, बाहेर — पण कार्ड तर माझ्या हातात —

पुन्हा फोन लावला. आवाजच नाही.

पत्र आलंय. "तुझी आठवण आली. सगळं ठीक आहे ना?" लिहिलं, नाही, कुणालातरी पाठवा. लगेच उत्तर: प्रकरण बंद.

दाराबाहेर बीप.

तो ठोठावत नाही. नुसतं कार्ड टेकवतोय —

मी यायला हवं होतं, एम्रिस, चार पानंच तर होती —

दार उघडलं. तापलेल्या अंगाची धग येतेय, त्याचा हात माझ्या कपा