एकेरी पासवर्ड

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, टेबलाखालची वायर काढायला. तेव्हा हा नमस्कार नुसता कागदी समजू नये.)

"एकेरीच ना?" असं तिने फोनवरची नजर न उचलता मला विचारलं, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. पण हा क्षण तुम्हाला नीट कळायचा तर त्याच्या आधीचं बरंच काही सांगायला हवं, आणि अर्धवट सांगितलेलं तुम्हाला चालत नाही (अर्धवट सोडलेलं तर त्याहून नाही, हे माझ्या कॉलेजच्या वेळी तुमच्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांना कळलं आहे). म्हणून आधी सांगा, गुडघा कसा आहे? व्यायाम करता, की मामी खोलीत आल्यावर पाय हलवून दाखवता? मामींना नमस्कार. त्यांना हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल, फक्त ताजा कलम आधी स्वतः वाचा.

मी सध्या एका दातांच्या दवाखान्यात आहे. घाबरू नका, दात शाबूत आहेत. नोकरीला आहे. आई सगळ्यांना "तो संगणकाचं बघतो" एवढंच सांगते, आणि ते अगदी खरं आहे, कारण पहिले काही दिवस मी संगणकाकडे नुसता बघतच होतो. दवाखान्यात डॉक्टर आहेत, त्यांच्या हाताखाली एक मदतनीस आहे (सतत कापूस पुढे करत असतो म्हणून त्याला सगळे कापूसच म्हणतात, तोही ओ देतो), आणि काउंटरवर ती आहे. तिचं वर्णन करणार नाही, कारण मामी वाचतील. एवढंच सांगतो, की दारातून आत येणाऱ्याचा गाल बघून ती दाढ वरची की खालची हे ओळखते. मी तिला "मॅडम" आणि "तुम्ही" म्हणतो. मनात काय म्हणतो तो माझा प्रश्न आहे. मामा, तुम्हाला माहीत आहे, रागात मला शब्द कमी पडत नाहीत. प्रेमात मात्र नुसता घाम येतो.

शेजारच्या गाळ्यात चष्मेवाला आहे. स्वतःचं दुकान, इस्त्रीचा शर्ट, केस असे बसवलेले की वाऱ्यानेही परवानगी घ्यावी. त्याने तिचे डोळे फुकटात तीनदा तपासले आहेत. (तिचे डोळे उत्तम आहेत हे मी न तपासता सांगतो.) त्याची आई येत्या रविवारी तिच्या घरी बोलणी करायला जाणार, हे मला कापसाने सांगितलं, आणि त्या दिवशी माझ्या हातून दोन माऊस तुटले.

आता हाच मनुष्य आमच्या दवाखान्याचं वायरलेस इंटरनेट वापरून दिवसभर सिनेमे बघायचा. आमच्या नेटवर्कला कुलूपच नव्हतं. ज्याला हवं त्याने यावं आणि जोडून घ्यावं. आमचं एक्स-रे यंत्र दाताचा फोटो त्याच नेटवर्कवरून काउंटरच्या संगणकाला पाठवतं, आणि पलीकडे नायक-नायिका धावायला लागले की इकडे दाढ अर्धी येऊन थांबायची. पेशंट तोंड उघडून बसलेला, डॉक्टर पडद्याकडे बघतायत, आणि दाढेचं मूळ काही केल्या उतरत नाही. शेवटी डॉक्टर मला म्हणाले, "हे बंद कर. पक्कं कुलूप घाल." मामा, दातांच्या डॉक्टरांनी दिलेलं काम मी एखाद्या सेनापतीसारखं अंगावर घेतलं.

काउंटरच्या संगणकात लिनक्स आहे. म्हणजे विंडोजसारखं सगळं हाताशी आणून देणारं नव्हे. इथे आपण सांगायचं आणि त्याने करायचं, आणि आपण चुकीचं सांगितलं तर तो तेही मन लावून करतो. पहिली अडचण अशी, की वायरलेसचं कार्ड आत होतं, पण ते चालवणारी फाईल नव्हती. ती फाईल इंटरनेटवर. इंटरनेटला जायला कार्ड हवं. (घराची किल्ली घरात ठेवून बाहेर कुलूप लावल्यासारखं.) मग मी राउटरपासून काउंटरपर्यंत लांबलचक वायर ओढली. तिला अडखळून एक गृहस्थ डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत नंबर नसताना पोचले. फाईल उतरली, कार्ड जागं झालं. मग राउटरवर डब्ल्यूपीए-टू नावाचं मजबूत कुलूप चढवलं आणि संगणकाच्या काळ्या खिडकीत त्याची माहिती हाताने लिहिली. जोडणी होईना. पुन्हा लिहिली. होईना. मी संगणकाला जे बोललो ते ऐकून ताटकळलेल्या बाईंनी मुलाचे कान झाकले. शेवटी सापडलं: पासवर्डाभोवतीच्या अवतरणचिन्हांपैकी शेवटचं राहिलं होतं! शाळेत मराठीच्या बाई याच चिन्हासाठी मार्क कापायच्या, तेव्हा मी त्यांच्याशी भांडलो होतो. मामा, ते चिन्ह दिलं आणि पडद्यावर "जोडले गेले" असं आलं. कॉलेजात दोन वर्षं बसून मला जो अभिमान वाटला नाही तो त्या दोन शब्दांनी वाटला. मी टाळी वाजवली. आत ड्रिल थांबलं.

पण पासवर्ड काय ठेवला, हे अजून तुम्ही विचारलं नाहीत. नियम असा, की कमीत कमी आठ अक्षरं आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट. मामा, माझ्या मनात जे होतं ते त्रेसष्टात बसणारं नव्हतं. रविवार जवळ येत होता, तोंडाने बोलायची सोय नव्हती. मी इंग्रजी अक्षरांत सलग लिहिलं: चष्मेवाल्याला नाही म्हण.

डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश. "वा! धोरणच पासवर्डात!" म्हणाले. त्यांना ते नेटवर्कपुरतं वाटलं. सुरक्षेसाठी कागदावर लिहायचं नाही, तोंडीच सांगायचं, असं मी बजावलं, आणि तिथे गंमत झाली. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं म्हणजे जेवढी माणसं तेवढी स्पेलिंगं. डॉक्टरांनी "वाल्याला" ला व्ही लावला, मी डब्ल्यू लावला होता. कापसाने "चष्म्यावाला" केला. आणि दोघांनीही शेवटी "म्हणा" लिहिलं! डॉक्टर म्हणाले, "अरे, आपण कुणाला म्हण म्हणतो का? म्हणा." आता त्यांना काय सांगू, की मला आदर नकोच होता. शेवटी एक ए लावला की आदर येतो, आणि तोच नेमका मी काढून टाकला होता. त्या दोघांचे फोन मीच जोडून दिले. मग ती स्वतःचा फोन घेऊन आली. मी पासवर्ड सांगितला, म्हणजे सांगितला असावा, मला फक्त माझे कान तापलेले आठवतात. "एकेरीच ना?" ती म्हणाली. मी "हो" म्हणालो. तिने लिहिलं, आणि पहिल्याच फटक्यात जोडणी झाली. डब्ल्यूसकट!

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला दवाखान्यात आला. सिनेमा ऐन मारामारीत अडकला होता. डॉक्टर आत होते. माणसाची दाढ उपटताना ज्यांचा हात थरथरत नाही, त्यांना शेजाऱ्याला नकार देताना मात्र घाम फुटतो. आतूनच ओरडले, "शेजारी आहेत, सांगून टाका हो पासवर्ड!"

त्याने फोन काढला, केसांवरून हात फिरवला आणि तिला म्हणाला, "हं, सांगा."

"चष्मेवाल्याला नाही म्हण."

"अहो, डॉक्टर हो म्हणाले ना आत्ता!"

"पासवर्डच तो आहे."

गाल सुजलेले एक आजोबा गाल धरून हसायला लागले. चष्मेवाल्याने लिहिलं. लागेना. (सभ्य मनुष्य, "म्हणा" लिहिलं असणार.) "परत सांगा, नीट," म्हणाला. ती उभी राहिली. "नीटच सांगतेय. चष्मेवाल्याला. नाही. म्हण. आणि आईंना सांगा, रविवारी येऊ नका." मामा, एवढी मोठी वेटिंग रूम, पण कुणाचा दात दुखेना.

तो गेला आणि डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले. शेजाऱ्याचा अपमान झाला, पासवर्ड बदल, एक ते आठ आकडे ठेव. मी म्हणालो, एक ते आठ हा पासवर्ड नाही, बालवाडी आहे. ते म्हणाले, बदल नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मी म्हणालो, आजपासूनच येत नाही. (आलेलाच होतो, पण रागात काळ चुकतो.) मामा, बदलणं दोन मिनिटांचं काम होतं. पण मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण केलेली गोष्ट अशी पुसायची? सगळं चालू ठेवलं आहे, एक्स-रे डोळ्याची पापणी लवायच्या आत येतो. हे पत्र त्याच जोडणीवरून पाठवतो आहे.

तुमचा, कॉलेज सोडलेला पण जोडणी न सोडलेला,
भाचा

ता. क. – खरं काम असं आहे. रविवारी तिच्या वडिलांकडे मोकळा वेळ झाला आहे. तुम्ही याल का? तुमच्यासारखं गोड बोलणं आपल्या घरात कुणाला जमत नाही. मी गेलो तर गप्प तरी बसेन किंवा भांडेन तरी. नोकरीचा विषय निघाला तर "संगणकाचं बघतो" एवढंच म्हणा.

ता. क. २ – तुमच्या ऑफिसात वायरलेसची काही अडचण आहे का? नसली तर निर्माण होऊ शकेल का?

ता. क. ३ – ती मागे उभी राहून हे सगळं वाचत होती. हसते आहे. म्हणाली, "अरे, एकेरी म्हणजे मी 'नाही'तला ए विचारत होते! एक की दोन!" मामा, मी खुर्चीत बसलो ते बसलोच. मग म्हणाली, त्या माणसाला तोंडाने सांगताना दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा तिला कळलं की हे आपल्याला कुणीतरी सांगितलेलं आहे. आणि पटलंही. मामांना पुढच्या खेपेला बोलाव म्हणते, बाबांशी आधी तू स्वतः बोल, आत्ता, गप्प बसलास तरी चालेल, मी असेन. सगळं एकेरीत.

ती फुटपाथवर थांबली आहे. मला फार घाम आला आहे. दार असं आपटणार होतो की डॉक्टरांच्या प्रमाणपत्रांच्या चौकटी हलल्या असत्या, पण आत कुणाच्या तरी हिरडीत सुई आहे. पत्र पाठवतो, उठतो, बाहेर पडतो, आणि दार हळूच लावून घेतो.