ओळख देणाऱ्याची सही

हिरडपिंपरी (बिडकीनमार्गे),
दि. १२ डिसेंबर १९९३

तीर्थरूप त्रिंबकमामांस,
कस्तुराचा शि. सा. न. वि. वि.

मामा, एक प्रश्न आहे. मला त्याचं उत्तर येत नाही, हे आधीच कबूल करते. एखादी बाई एका गावात तीस वर्षं राहते, रोज सगळ्यांच्या दारावरून कामाला जाते, आणि तरी आपण तिला ओळखतो एवढं लिहून द्यायला गावात कुणी मिळत नाही. मग ती बाई तीस वर्षं कुठं राहिली?

प्रश्न गोजरबाईनं विचारला. ती इथल्या बौद्धवाड्यातली. तिची लीला शहरात वसतिगृहात राहून बारावीला आहे. तिच्या शिष्यवृत्तीचा चेक पालक म्हणून आईच्या नावानं आला. चेक खात्यातच जमा होतो आणि गोजरबाईचं खातं नाही. चेकवर तारीख २१ जुलैची आहे. सहा महिने झाले की तो नुसता कागद. वसतिगृहाची फी जानेवारीअखेर भरली नाही, तर लीलाला खोली सोडावी लागेल. नवा चेक मागायला कचेरीत गेलं तर वर्ष जातं, तोवर घरचे पोरीचं लग्न लावून मोकळे होतील.

तुम्हाला आठवत असेल, तुमचं खातं मी इथं आमच्या बँकेत उघडलं तेव्हा फॉर्मच्या खाली एका जुन्या खातेदाराची सही घेतली होती. या माणसाला मी इतक्या वर्षांपासून ओळखतो, असं लिहून तो सही करतो. त्याला आम्ही ओळख देणारा म्हणतो. आमच्या शाखेचे ओळख देणारे म्हणजे किराणावाले बद्रीनाथशेट. शाखा त्यांच्याच जागेत आहे, निम्म्या गावाला त्यांनीच ओळख दिली आहे. दर सोमवारी दुकानात फॉर्मचा गठ्ठा नेला की ते कोऱ्यावरच सह्या करून देतात, नावं आम्ही मागून भरतो. हे चुकीचं आहे, पण मी रुजू होण्याआधीपासून असंच चालू आहे.

त्या भरवशावर मीच मूर्खपणा केला. वस्तीत जाऊन बारा बायकांना सांगितलं की खाती उघडा, तोट्यातली शाखा वाचेल आणि तुमचंही काम होईल. बिडकीनचा फोटोवाला बोलावला. बायका ठेवणीतली लुगडी नेसून भिंतीपाशी उभ्या राहिल्या. मग मी प्रामाणिकपणे शेटना यादी दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, सध्या विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलंय, जानेवारी जाऊ दे, मला गावात दुकान चालवायचंय. रागावले नाहीत, उलट माझ्या हातावर खडीसाखर ठेवली. त्यांच्यानंतर ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी जानेवारीचंच नाव घेतलं.

वस्तीत आधीचे खातेदार दोनच, त्यांचं कर्ज थकीत आहे, म्हणून त्यांची सही चालत नाही. बिडकीनच्या शाखेनं तुमचं गाव आमच्याकडे नाही म्हणून गोजरबाईला परत पाठवलं. दुसरीकडे कुठं तरी बनावट खाती निघाली, तेव्हापासून बँकेच्या नोकरांनी ओळख द्यायची नाही, असं परिपत्रक आहे. माझ्या खणात शेटच्या सहीचे सात कोरे फॉर्म पडून आहेत. खण उघडला की ते दिसतात, म्हणून मी तो उघडतच नाही.

मामा, तुम्ही आमचे खातेदार आहात. तुमची सही चालते. याल का?

आईचा निरोप आला का? मेंढरं फर्दापूरकडे गेली एवढंच मुंजाबादादानं कळवलं होतं.

माया आहे ती असू द्यावी.
तुमची कस्तुरा


रांजणगाव, वाळूज,
ता. २० डिसेंबर १९९३

चि. कस्तुरास त्रिंबकमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. गेटवरच्या केबिनीत बसून वाचलं. साहेबाच्या गाडीला फाटक उघडायचं राहून गेलं अन् शिव्या खाल्ल्या, त्या तुह्या खात्यात जमा कर.

वाळूजला कंपनीच्या दारात दोन बँका असताना तू माहं खातं त्या हिरडपिंपरीत उघडलं. एसटीला जेवढं भाडं लागतं तेवढं वर्षाचं व्याज भेटत नाय. तरी म्या बोललो का? घरातली पहिली ग्रॅज्युएट पोरगी खुर्चीत बसून मला त्रिंबकराव म्हणून हाक मारती, हे बघायलाच पैसे भरायला येतो. तुही आई तर अजून लोकाला सांगती की आमच्या कस्तुरीला सरकारनं तिजोरीची चावी दिली.

सहीचं म्हणशील तर सही माही लई झ्याक हाय. खाली दोन रेघा अन् एक ठिपका. सातवीपर्यंत तेवढंच शिकलो. म्या बुधवारी २९ तारखेला सुट्टी टाकून येतो. त्या बाईला बसवून ठेव. माणसानं माणसाला वळखायला एवढी वणवण काहून लागावी, हे मलाबी नाय कळत.

सोबत चंपाषष्ठीचा भंडारा पुडीत धाडला हाय. कपाळाला लाव, अन् त्या कागदालाबी लाव.

जेवत जा. माहे आशीर्वाद तुह्या पाठीशी हायेत, मागं वळून बघायची गरज नाय.
तुहा मामा, त्रिंबक


हिरडपिंपरी,
दि. २ जानेवारी १९९४

तीर्थरूप मामांस,
कस्तुराचा शि. सा. न. वि. वि.

बुधवारी गोजरबाई दहाच्या आधीच येऊन पायरीवर बसली. आत बाकडं आहे म्हटलं तरी बाहेरच बसली. दोन वाजता व्यवहार बंद होतो तोवर तीन एसट्या आल्या. प्रत्येक गाडीला ती उठून उभी राहायची. तुम्ही आला नाहीत. तब्येत बरी आहे ना, एवढं आधी कळवा. मी रागावलेली नाही. म्हणजे बुधवारी रागावले होते, आता काळजी आहे.

इथं दुसरीच बातमी आहे. शाखा ३१ जानेवारीला बंद होऊन बिडकीनच्या शाखेत मिसळणार आहे. नव्या धोरणात प्रत्येक शाखेनं स्वतःचा खर्च स्वतः भागवायचा. आमची शाखा पाच वर्षं तोट्यात आहे. आमचे मॅनेजर निजामुद्दीनसाहेब आदेश वाचून बराच वेळ चष्मा पुसत बसले. बँका सरकारच्या झाल्या तेव्हा ते नवे कारकून होते. इथली तिजोरी त्यांनी स्वतः बैलगाडीत बसून आणली, ओढ्यात गाडी रुतली तेव्हा गावानं ती ढकलली. ते म्हणाले, बेटी, तेव्हा वरून विचारायचे की खेड्यात का जात नाही, आता विचारतात की का गेलात. दोन्ही वेळेला जवाब मलाच द्यायचा.

मी कॉलेजात निबंध लिहिला होता, बँक गरिबाच्या दारात. बक्षीस मिळालं होतं. आता दार इथंच राहणार आणि बँक जाणार. कुणाला दोष द्यावा तेही कळत नाही. तोटा खरा आहे, वह्या मीच लिहिते.

माझी शहरात पुंडलिकनगरकडच्या शाखेत बदली ठरते आहे. तिथं संगणक आलेत, त्याच्या प्रशिक्षणाला माझं नाव सुचवलंय. मात्र गोपनीय अहवाल स्वच्छ हवा. साहेबांनी हे सांगताना माझ्या खणाकडे पाहिलं. त्या कोऱ्या फॉर्मांचं त्यांना ठाऊक असावं.

गोजरबाई रोज चेक दाखवायला आणते. प्लास्टिकच्या पिशवीत, वहीच्या दोन पानांमध्ये. तो जुना होतोय का, एवढंच मला विचारते. मी नाही म्हणते.

उत्तर लवकर द्या.
तुमची कस्तुरा


रांजणगाव, वाळूज,
ता. १० जानेवारी १९९४

चि. कस्तुरास मामाचे आशीर्वाद.

तब्येतीला काही झालं नाय. खोटं लिहिणार होतो की ताप आलता, पण तू बँकेतली, खाडाखोड धरशील.

म्या बुधवारी निघालतो. बिडकीनच्या स्टँडवर बद्रीनाथशेट भेटले. चहा पाजला. तुहं नाव काढलं नाय, त्या बाईचं काढलं नाय. नुसतं विचारलं, तुमच्या बहिणीची, सुगंधाबाईची मेंढरं औंदा किती हायेत, शिवरात्रीच्या आधी वावर मोकळं होईल, बसवायची ना? म्या व्हय म्हणलो. ते म्हणले, बघू मग, तुम्ही कुठं चाललात एवढ्या सकाळी? कस्तुरे, म्या चहाचा कप खाली ठिवला. काही नाय, सहज आलतो म्हणलो अन् त्याच गाडीनं मागं फिरलो.

तुला सांगायची गरज नाय. मेंढरं त्यांच्या वावरात अडीच महिने बसत्यात, लेंड्याचं खत त्यांना अन् ज्वारी आपल्याला. तीच ज्वारी तुही आई अन् मुंजाबा वर्षभर खात्यात. एका सहीपायी ते घालवायला माहा हात उठला नाय. मला भेकड म्हण. म्या सोताला रोज म्हणतो.

एक सुचवतो. तुह्या खणात त्यांच्याच सहीचे फॉर्म पडलेत म्हणतीस, मग भर की एक. सही खरी, बाई खरी, चेक खरा. त्यांना कळंल तोवर शाखाच राहणार नाय.

मागल्या हप्त्यात फर्दापूरला जाऊन तुह्या आईला समदं सांगितलं. म्हणलं, पोरीला समजाव. ती लोकर कातत व्हती. तिनं चाती थांबवली. मग म्हणली, ती गोजरी का, उजव्या हाताला अंगठा नसलेली? म्या म्हणलं, मला काय ठाव. तर म्हणली, बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली तवा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जोडी लागायची. आपल्यातली एक बी माह्याबर जोडी करंना, कारण मला लेकरू. गोजरी आली. अकरा महिने एका ढिगावर बसलो. कस्तुरी चार वर्साची, तिच्या डोक्यावर ओलं फडकं टाकायची ती गोजरी. तिचा अंगठा त्याच ढिगावर गेला.

म्या विचारलं, मग पोरीला काय सांगू? म्हणली, काही सांगू नको, माहा तर अंगठा, तो तुमच्या कागदाला चालत नाय. अन् पुन्हा चाती फिरवायला लागली. तिला काय म्हणायचं व्हतं ते तूच बघ.

तू आपली बदली संभाळ. इतकं शिकलीस ते वाया घालू नको.

तुहा दोषी मामा, त्रिंबक


हिरडपिंपरी,
दि. १७ जानेवारी १९९४

तीर्थरूप मामांस,
कस्तुराचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या धास्तीनं दोन दिवस इकडची एसटी बंद होती. वस्तीत शुक्रवारी पेढे वाटले, पण दारं लावून. गावात कुणी काही केलं नाही, नुसतं बोलणं थांबलं. पिंपळाखाली पोलिसांची गाडी उभी आहे. ती कुणाच्या राखणीला आहे, हे प्रत्येकजण वेगळं सांगतो. म्हणजे जानेवारी आला, आणि जानेवारीनंतर बघू म्हणणारे आता मार्च म्हणू लागले.

तुम्हाला मी भेकड म्हणणार नाही. माझ्या कॉलेजची फी त्याच ज्वारीतून वाचलेल्या पैशातून गेली आहे. पण कोरा फॉर्म मला भरता येणार नाही, मामा. ज्यानं ओळख द्यायला नकार दिला, त्याच्याच सहीनं, त्याच्या नकळत, तिला ओळख द्यायची, हे मला जमलं नाही. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही अडवलं असतं, म्हणून आधी केलं आणि मग लिहिते आहे.

आज सकाळी ते सात कोरे फॉर्म घेऊन शेटच्या दुकानात गेले आणि त्यांच्यासमोर गल्ल्यावर ठेवले. त्यांनी स्वतःच्या सह्या एकेक करून पाहिल्या. मला वाटलं, चिडतील. ते हळूच म्हणाले, त्रिंबकला सांग, औंदा मेंढरांना दुसरं वावर बघ. यावेळी खडीसाखर नव्हती. दादाला आजच कळवा, म्हणजे तो पैठणच्या बाजूला आधी बोलून ठेवील. आईला मीच लिहिलं असतं, पण ते वाचून दाखवायला तुम्हीच लागता.

मग बँकेत येऊन गोजरबाईच्या फॉर्मवर ओळख देणारा म्हणून मी सही केली. तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, उजवा का नाही हे विचारायची वेळ आली नाही. किती वर्षांपासून ओळखता, या रकान्यात एकवीस लिहिलं. ते वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, सुगंधीची पोर का तू, इथं येऊन दोन वर्षं झाली, बोलली नाहीस. काय सांगणार, मला तरी कुठं ठाऊक होतं.

निजामुद्दीनसाहेबांनी फॉर्म पाहिला. खूप वेळ पेन उघडून बसले. शेवटी पास केला आणि म्हणाले, बेटी, मला वर कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा साहेब. बाकीचे अकरा फॉर्म त्यांनी बाजूला सारले. एक आहे तोवर चूक म्हणता येईल, बारा झाले तर बंड म्हणतील, असं म्हणाले. मी त्या अकरा जणींना आज संध्याकाळी काय सांगू, ते मला माहीत नाही. त्यांचे फोटो माझ्याजवळ आहेत. शाखा गेल्यावर ते कुणाला परत द्यायचे हेही कुणी लिहिलेलं नाही.

पुंडलिकनगर आता होणार नाही. साहेबांचा अंदाज आहे की मेमो येईल आणि कुठल्या तरी टोकाला पाठवतील. फर्दापूरला पाठवलं तर बरं, असं मी म्हटल्यावर ते आज दिवसभरात पहिल्यांदा हसले.

चेक दुपारच्या एसटीनं शहरात वटायला गेला. शिपायासोबत गोजरबाई स्वतः गेली, पिशवी छातीशी धरून. साहेबांनी माझ्याविरुद्धचा रिपोर्ट स्वच्छ अक्षरात लिहून, पाकीट बंद करून, टपालाचं काम माझंच म्हणून माझ्याच हातात दिला. मी तो पेटीत टाकला आणि मग हे पत्र संपवायला बसले.

माया कमी झाली असेल तर तसंच लिहा, पण लिहा.
तुमची कस्तुरा